बोट लागली पाहिजे

कोजागरीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटायला उशीर झाला आणि तेवढ्यात वादाला मात्र चांगली उकळी फुटली. आम्ही नेरूळला राहतो. पलीकडे करावे, सीवूड्स. दर चार घरांमागे एक घर जहाजावरचं. कुणाचा मुलगा थर्ड इंजिनिअर, कुणाचा जावई कूक, कुणी नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर नुकताच साइन ऑन करून गेलेला. चौथ्या मजल्यावरचं कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत क्रूझला निघालं होतं, त्यावरून विषय निघाला. आमच्याकडे एक निवृत्त चीफ इंजिनिअर आहेत, त्यांना सगळे चीफसाहेबच म्हणतात. ते म्हणाले, "आता काय राहिलंय क्रूझमध्ये? तरंगता मॉल झालाय. १९८० साली बघायला हवं होतं. काय ती शिस्त, काय ते जेवण, सूट घातल्याशिवाय कोणी टेबलावर बसायचं नाही." त्यावर चौथ्या मजल्यावरची मुलगी ताडकन म्हणाली, "काका, १९८० साली आमच्यासारख्यांना त्या टेबलाजवळ कुणी फिरकू तरी दिलं असतं का?" टाळ्या पडल्या, दूध आलं, आणि मुलगी जिंकली असं सगळ्यांनी धरून टाकलं.

मला ते पटलं नाही, आणि चीफसाहेबांचंही पटलं नाही. त्यांना जे हरवल्यासारखं वाटतं ते क्रूझमध्ये कधी नव्हतंच. ते बोटीत होतं. माणसाला या गावाहून त्या गावाला पोचवणाऱ्या साध्या बोटीत. आणि समुद्र आता सामान्यांना खुला झाला असं जे त्या मुलीला वाटतं, त्यातही मेख आहे. आपल्या किनाऱ्यावर समुद्र सामान्यांचाच होता. तो त्यांच्या हातून गेला आणि तीन रात्री-चार दिवसांचं पॅकेज होऊन परत आला. जुन्या क्रूझसाठी उमाळे काढायला माझी हरकत नाही, पण रडायचंच तर मयत कोण झालंय ते आधी नीट बघून घ्यावं.

चीफसाहेबांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे आधी कबूल करते. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून पहिल्या सफरीला निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' २,४८,६६३ ग्रॉस टनांची आहे (हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप). टायटॅनिक ४६,३२८ ची होती. वीस डेक, गच्च भरली तर ७,६०० प्रवासी, शिवाय दोन हजारांवर कर्मचारी. आत खरी झाडं लावलेली बाग आहे आणि काही केबिनच्या बाल्कन्या त्या बागेकडे तोंड करून आहेत. आमच्याकडचे बिल्डर खिडकीतून खाडी दिसते म्हणून चौरस फुटामागे जास्त पैसे लावतात. तिथे भर समुद्रात नेऊन बाग दाखवायचे लावतात. असल्या जहाजांनी बंदरांचंही काही ठेवलं नाही. व्हेनिसमध्ये शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून जुदेक्का कालव्यातून २५,००० टनांवरच्या जहाजांना बंदी घालावी लागली.

मी स्वतः तीन वर्षांपूर्वी सिंगापूरहून निघणारी एक क्रूझ केली आहे. आमची केबिन बिनखिडकीची, कारण तीच परवडणारी. टीव्हीच्या एका चॅनेलवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्यातून समुद्र दिसायचा. रात्री झोप येईना तेव्हा नवऱ्याने तो चॅनेल लावून ठेवला आणि आम्ही दोघं समुद्रात बसून टीव्हीवर समुद्र पाहत पडलो. पहाटे मी उठून बाहेर शोधाशोध केली, तेव्हा लाइफबोटींच्या खाली एक अरुंद उघडा डेक सापडला. तिथे एकच मुलगा होता, कठड्यावरचं मीठ धूत होता. बोलण्यावरून ओळखलं, गुहागरकडचा निघाला. म्हणाला, "इथे कोणी येत नाही, मॅडम. इथे विकायला काही ठेवलेलं नाही ना." क्रूझवरच्या सगळ्या टीकेचं सार मला त्या एका वाक्यात मिळालं. चीफसाहेबांना मी ते सांगितलं तर ते लगेच म्हणतील, "बघ, मी काय म्हणत होतो!"

पण थांबा. विकायला काही असेल तिथेच माणसांना न्यायचं, ही रीत नवी आहे का? क्रूझचा जन्म कसा झाला तो पाहा. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी कमी व्हायचे आणि मोठाल्या आगबोटी रिकाम्या पडून राहायच्या. हॅम्बुर्गच्या कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी २२ जानेवारी १८९१ ला 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ जणांना घेऊन भूमध्य समुद्रात फिरायला पाठवली. धंदा नाही म्हणून उभी असलेली एसटी लग्नाच्या वऱ्हाडाला भाड्याने द्यावी, तसला हा प्रकार. पुढे १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये जेट विमानं अटलांटिकवरून उडायला लागली आणि बघता बघता सगळ्याच मोठ्या प्रवासी बोटी बेकार झाल्या. फ्रान्सचा अभिमान असलेली 'फ्रान्स' १९६२ मध्ये सेवेत आली आणि १९७४ मध्ये धक्क्याला बांधून ठेवली गेली. १९८० मध्ये तीच 'नॉर्वे' नावाने क्रूझ म्हणून परत पाण्यात उतरली आणि शेवटी मोडायला आली ती आपल्या शेजारी, गुजरातेत अलंगला. म्हणजे क्रूझ हा जहाजांनी निवृत्तीनंतर धरलेला जोडधंदा होता. पोचवायचं कुठेच नाही, मग माणसांना गुंतवून ठेवायला काहीतरी लागणारच.

आणि चीफसाहेबांचा सुवर्णकाळ नेमका कोणता? १९७० ते १९८५ धरू. आजच्या तरंगत्या मॉलचा पाया याच वर्षांत घातला गेला. १९७२ मध्ये एक जुनी बोट 'मार्डी ग्रा' नावाने मायामीहून निघाली आणि पहिल्याच फेरीत बंदराबाहेर वाळूत रुतली. पुढे तेल महागलं, जोरात चालवणं परवडेना. मग सावकाश चालवा, बंदरं कमी घ्या, आणि माणसं बोटीवरच जास्त वेळ राहतील तर कॅसिनो, डिस्को, बार यांतून कमवा, असं गणित तिथे बसवलं गेलं. १९७० ची 'साँग ऑफ नॉर्वे' आठवणीत रमणाऱ्यांची लाडकी. छोटी, सुबक, पांढरीशुभ्र. १९७८ मध्ये तिला हेलसिंकीत मधोमध कापून आत सुमारे २६ मीटरचा नवा तुकडा जोडला, कारण केबिन कमी पडत होत्या. वीस डेकच्या जहाजाला राक्षस म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की त्या राक्षसाचं बाळसं सुवर्णकाळातच धरलं गेलं. गंमत तर पुढेच आहे. मुंबईहून २०२१ पासून जाणारी आणि आपण सगळे 'नवी क्रूझ' म्हणून जिच्यासमोर फोटो काढतो ती 'एम्प्रेस' १९९० मध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाने सेवेत आलेली आहे. ज्यांना जुनी क्रूझ हवी आहे त्यांच्या दारात ती येऊन उभी आहे. मग तिच्यात शिरल्यावर जुनं का वाटत नाही?

कारण आठवणीतली क्रूझ ही बरीचशी ऐकीव आहे. चीफसाहेबांनी त्या रात्री 'पॉश' शब्दाची गोष्टही सांगितली. विलायतेहून मुंबईला येताना डावीकडची केबिन थंड आणि परत जाताना उजवीकडची, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का असायचा, त्याची आद्याक्षरं म्हणजे पॉश. गोष्ट झकास आहे, मीही ती शाळेत असल्यापासून ऐकते आहे. पण असं शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही, आणि शब्दांचा अभ्यास करणारे ही व्युत्पत्ती मानत नाहीत. तरी सीवूड्समधल्या फ्लॅटला पॉश म्हणताना आपल्याला त्या न सापडलेल्या तिकिटाचा वास येतोच ना? हरवलेल्या काळाचं असंच असतं. पुरावा जितका कमी, तितका सुगंध जास्त.

ऐकीव नसलेलं, कागदोपत्री असलेलं जे आहे, ते फारसं सुगंधी नाही. पी अँड ओ या इंग्रजी आगबोट कंपनीच्या बोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे रत्नागिरी आणि गुजरात किनाऱ्यावरचे असत, भट्टीपाशी कोळसा ओढणारे पंजाबी आणि पठाण, आणि जेवणाच्या दालनात वाढणारे गोव्याचे. ज्या टेबलावर सूट घालून बसायचं, त्या टेबलाची आपली बाजू वाढणाऱ्याची होती. ज्या आजोबांच्या वेळच्या शिस्तीची आपण आठवण काढतो, ते आजोबा त्या बोटीवर असलेच तर बहुतेक दोरखंड ओढत असतील. आजही सीबीडी बेलापूरला सकाळी दहाच्या सुमारास या. प्लास्टिकच्या फोल्डरात सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आणि कोर्सची सर्टिफिकेटं घेऊन पोरं जहाजावर भरती करणाऱ्या ऑफिसांच्या जिन्यांवर बसलेली असतात. त्यातल्या एकाचंही क्रूझबद्दलचं मत कोजागरीच्या वादात आलं नाही. मोठी क्रूझ जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या देशांचे झेंडे लावून फिरतात, आणि झेंडा ज्या देशाचा, जहाजावरचा कायदा प्रामुख्याने त्याचा. चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाला जे स्वस्त तिकीट मिळालं, त्यातला काही स्वस्तपणा या पोरांच्या नऊ महिन्यांतून आलेला आहे.

आता त्या मुलीकडे वळते. तिचा मुद्दा जोरकस आहे आणि मी तो पाडू बघत नाही. शाळामास्तरांच्या घरातली माणसं आज डेकवर उभी राहून सूर्यास्त बघतात, ही चांगलीच गोष्ट आहे. सूट नाही म्हणून कुणाला अडवत नाहीत, याचा मला आनंद आहे. पण सर्वसामान्य माणूस पहिल्यांदाच बोटीवर चढतोय, हे तिला कुणी सांगितलं? माझी आजी देवगडची. तिने आयुष्यात सूट पाहिला तो फोटोत, पण मुंबईहून गावाला ती बोटीनेच जायची. भाऊच्या धक्क्यावर रात्रीपासून वळकटी टाकून बसायचं, बोटीत शिरल्याबरोबर फलक्याच्या, म्हणजे माल उतरवायच्या झाकणाच्या, आसपास पटकन चटई अंथरून जागा धरायची, ट्रंक उशाशी. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरं घेत बोट जाई. बऱ्याच ठिकाणी धक्का नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे छोट्या होड्या, यायचे, आणि हलत्या बोटीतून हलत्या पडावात पाय टाकायचा. आजी सांगायची, पडावातला तांडेल ओरडायचा, "पाण्याकडे बघू नको, माझ्याकडे बघ!" शेवटचे चार हात पाणी गड्याच्या खांद्यावरून. आमसुलाचे डबे, कोंबड्या, बाळंतीण, गिरणीतला रजेवरचा कामगार, खोत, सगळे एकाच डेकवर ओकत असायचे. मराठीत 'बोट लागणे' याचे दोन अर्थ आहेत: पोटात ढवळणं, आणि बोट बंदराला येणं. आजीच्या बोलण्यात दोन्ही इतके जवळजवळ यायचे की लहानपणी मला ती एकच क्रिया वाटायची.

हे लिहिताना मलाही मोह होतो आहे, हे कळतं. चीफसाहेबांची क्रूझ खोटी आणि माझ्या आजीची बोट मात्र सोन्याची, असं कसं चालेल? ११ नोव्हेंबर १९२७ ला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता. कुणीतरी पोहून किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला पत्ताही नव्हता. बोटींना संतांची नावं दिली होती ती लोकांचा विश्वास बसावा म्हणून, आणि विश्वास बसून लोक चढले. पुढे खाड्यांवर पूल झाले, लाल डबा गावापर्यंत गेला, बंदरं गाळाने भरली, पावसाळ्यात बोट बंदच असायची. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली. बोट हरली ती सरळ हिशेबात हरली. माझ्या आजीनेही पहिली थेट एसटी सुरू झाल्यावर बोटीचं नाव काढलं नाही. मग मी कशासाठी गळा काढतेय?

डेक क्लाससाठी, डेकवर चटई टाकून जायच्या त्या वर्गासाठी. त्या ओकाऱ्यांसाठी नाही, त्या तिकिटासाठी. त्या तिकिटाचा अर्थ एवढाच होता की समुद्र हा रस्ता आहे आणि त्यावरून जायचा हक्क चटई घेऊन येणाऱ्यालाही आहे. ठाण्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती चौदा डब्यांची, चारशे निमंत्रित पाहुण्यांना घेऊन, तोफांच्या सलामीत. ती एक सहल होती, मिरवणूक होती. जीआयपी रेल्वे कंपनीने ती तशीच ठेवली असती, दर रविवारी पाहुणे, बँड, ठाण्याला फराळ आणि परत, तर? रेल्वेचं तसं झालं नाही. सहलीची गाडी दहा वर्षांत घाट चढायला लागली आणि पुढे तिची लोकल झाली. घामट, गर्दीची, जीवघेणी, पण सगळ्यांची. आगबोट नेमकी उलट्या वाटेने गेली. ती कामाची होती, ती सहलीची झाली. ८.१४ च्या लोकलला लटकणाऱ्या माणसाला 'पूर्वी रेल्वेत काय थाट होता' असं कोणी सांगितलं तर तो काय म्हणेल? तो म्हणेल, थाट राहू दे, डबे वाढवा. समुद्राच्या बाबतीत हे आपल्याला का सुचत नाही?

सुचलं तरी दर बघून जीभ आत जाते, हेही खरं. १७ फेब्रुवारी २०२२ ला बेलापूरच्या धक्क्यावरून वॉटर टॅक्सी सुरू झाली तेव्हा मी हरखून गेले होते. स्पीड बोटीचं भाडं ८०० ते १,२०० रुपये, कॅटामरान या दुहेरी बुडाच्या मोठ्या बोटीचं २९०. लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट पंचवीस रुपयांच्या आत. शिवाय भाऊच्या धक्क्याला उतरून ऑफिस गाठायला पुन्हा टॅक्सी. प्रवासी मिळेनात म्हणून ती सेवा बंद पडली आणि पेपरांतून निष्कर्ष निघाला की लोकांना जलवाहतूक नको आहे. २९० रुपयांना लोकल चालवली असती तर लोकांना रेल्वेही नको झाली असती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गला जाणाऱ्या रो-रो बोटीचे (जिच्यात गाड्याही चढवता येतात) दर जाहीर झाले. सर्वांत स्वस्त आसन २,५०० रुपये, गाडी न्यायची तर ६,०००. कोकण रेल्वेत स्लीपर चारशेच्या आसपास पडतो. कुणी म्हणेल, बोट चालवायला खर्च येतो, तोटा कोणी सोसायचा? रास्त प्रश्न आहे. पण रस्त्याला हा प्रश्न आपण विचारतो का? अटल सेतूच्या खांबांचा खर्च एकेका प्रवाशाच्या माथी मारला तर त्याच्यावरूनही कोणी जाणार नाही. पूल ही सोय मानली, बोट ही चैन मानली, तिथेच निकाल लागला. आणि ती चैन आहे हे आपल्या मनात कुणी भरवलं? क्रूझने. बोट म्हटलं की आता सूट, बुफे आणि सूर्यास्त डोळ्यांसमोर येतो; कोंबड्या आणि आमसुलाचे डबे येत नाहीत.

म्हणून मला तो कोजागरीचा वाद फुकट गेल्यासारखा वाटला. सूट हवा की बर्म्युडा पँट चालेल, यावर दोन सुजाण माणसं हमरीतुमरीवर आली, आणि जिथे ती उभी होती त्या गच्चीवरून खाडी दिसत होती, जिच्यात एकही प्रवासी बोट नव्हती. कल्याणची आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये आगबोटीने अमेरिकेला गेली ती शिकायला, बोटीवरच्या जेवणाला नावं ठेवायला नव्हे. समुद्र ओलांडून जायचं म्हणजे काहीतरी असायचं तिकडे.

चीफसाहेबांना मी हे सगळं दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "इंजिन रूममध्ये आम्हाला बंदर दिसायचं नाही. वरून हुकूम कळवणाऱ्या टेलिग्राफची घंटा यायची, 'फिनिश्ड विथ इंजिन्स', इंजिनांचं काम संपलं. मग कळायचं, आलं. क्रूझवर असताना ती घंटा आली की काही वाटायचं नाही, कारण रात्री परत निघायचंच असायचं. कार्गोवर वाटायचं." मी विचारलं, मग गच्चीवर ते सूटाचं काय चाललं होतं? ते हसले. म्हणाले, "सूट मी कधी घातलाच नाही. बॉयलर सूट घालून मागच्या दाराने बघायचो."

नेरूळचा धक्का बांधून झाला आणि बरीच वर्षं बोटीशिवायच उभा होता, त्या काळात मी एकदा तिथे गेले होते. गेटवरच्या वॉचमनला विचारलं, बोट कधी लागते? त्याला वाटलं मला मळमळतंय. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.